अक्काचं कपाळ

आमच्या घरात ‘जग’ हा शब्द वाईट अर्थानंच वापरला जायचा. “घरात जग शिरायलंय,” असं दादा म्हणाले की मी आणि अक्का लगेच आजूबाजूला बघायचो, नेमकं काय शिरलं ते शोधायला. कधी ते पलीकडच्या गल्लीतल्या लाउडस्पीकरवरचं सिनेमाचं गाणं असायचं, कधी भाकरी थापताना आईच्या तोंडी आलेली जात्यावरची ओवी, कधी माझ्या वेणीतली लाल रिबीन. दादा म्हणजे आमचे वडील. औरंगाबादेत छावणीच्या अंगाला मिशनचं आवार होतं, तिथल्या शाळेत ते मास्तर होते आणि मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पंचही होते. मास्तर ते शाळा सुटेपर्यंत असत. पंच मात्र झोपेतसुद्धा असत, असं आई म्हणायची, अर्थात ते घरात नसताना.

पोलीस ॲक्शन होऊन गेली होती. कचेऱ्यांवरच्या उर्दू पाट्या उतरून मराठी चढत होत्या, आणि दादांसारख्या माणसांची पंचाईत झाली होती. त्यांचं सगळं शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूतून झालेलं. त्यामुळे ते प्रार्थना मराठीत करायचे आणि संतापायचे उर्दूत. आमची सकाळ तीन आवाजांनी व्हायची. आधी मशिदीतली अजान, मग आवारातली घंटा, मग दादांचं गीत. आवाज त्यांचा फार गोड होता, हे मला आज कबूल करायला हरकत नाही. गाता गाता त्यांची बोटं गुडघ्यावर ताल धरायची आणि तो ताल हलगीचा असायचा, कारण गंगापूरकडच्या त्यांच्या गावी त्यांचे वडील आणि चुलते पिढीजात हलगी वाजवत आलेले. आपली बोटं काय करताहेत हे लक्षात आलं की दादा गाणं न थांबवता हात मांडीखाली दाबून बसायचे. मी कितीदा तरी पाहिलंय. देवाच्या गाण्यात जग बोटांवाटे शिरत होतं आणि ते त्याच्यावर बसत होते.

त्यांची बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे सगळं नुसतं त्रागा केल्यासारखं होईल. त्यांचे वडील दारूत गेले. जत्रेत वाजवायचं, मिळेल ते प्यायचं आणि घरी येऊन बायकोला मारायचं, हा त्यांचा क्रम. आजीचा एक डोळा त्यातच गेला. दादांनी लहानपणी हे बघितलं आणि पुढं मिशनच्या शाळेत त्यांना कुणी तरी सांगितलं, की माणूस असा असायलाच पाहिजे असं नाही. त्या वाक्याला त्यांनी जन्मभर धरून ठेवलं. आमच्या घरात दारूचा थेंब आला नाही. आईवर कधी हात उठला नाही. आम्ही मुली शिकलो. आमच्या भावकीतल्या कितीतरी बायका हे ऐकून नुसत्या आमच्या दाराकडे बघत बसायच्या. तेव्हा दादांच्या धर्मानं काय दिलं, असं मला कुणी विचारलं तर मी ही यादी सांगते आणि खरीच सांगते. फक्त हात न उचलता मारण्याची विद्या त्यांना चांगली येत होती, हे यादीत बसत नाही.

खाण्याबाबत त्यांचा कायदा कडक होता. शेजारच्या शमीमखालांचे यजमान हिमरूचं कापड विणायचे. त्यांच्याकडून ईदला शीरखुर्मा यायचा, तो चालायचा. दिवाळीत शाळेतल्या हिंदू मास्तरांकडून फराळ आला की दादा दारातच विचारायचे, “नैवेद्य दाखवला का?” बिचारे मास्तर गोंधळायचे. दाखवला म्हणावं तर डबा परत जायचा, नाही म्हणावं तर स्वतःच्या घराची अब्रू जायची. मूर्तीपुढं ठेवलेलं खायचं नाही, हा आमचा नियम. मी आणि अक्का आत ताटकळत उभ्या असायचो आणि चकलीचा वास घरभर फिरून परत जायचा. मग आई उडदाचं वरण आणि भाकरी वाढायची. दादा जेवणाआधी एवढी लांब प्रार्थना करायचे की भाकरी वातड व्हायची. अक्का एक डोळा उघडून माझ्याकडे बघायची आणि चकली मोडून खाल्ल्याचा अभिनय करायची. मला हसू फुटायचं, आणि बोलणी मलाच खावी लागायची.

अक्काचं नाव मार्था. ती माझ्याहून बरीच मोठी होती, पण भक्तीत माझ्याही मागं. उपदेश सुरू झाला की तिची मान डुलायला लागायची. गीतांच्या चाली तिला पाठ, शब्द मात्र स्वतःचे. ती पुढं अशी निघेल असं त्या काळी कुणाला सांगितलं असतं तर आवारातली कुत्रीसुद्धा हसली असती.

तिचं लग्न दादांनी करमाडच्या शमुवेलशी लावलं. तो रेल्वेच्या गँगमध्ये होता, रूळ सांभाळायचं काम. दादांनी त्याच्यात एकच गोष्ट बघितली, की तो पीत नाही. बाकी माणूस चांगला निघाला हे आमचं नशीब. आडमाप देहाचा, कमी बोलणारा. आमच्याकडे यायचा तेव्हा खिशातून हुरडा नाहीतर भुईमुगाच्या शेंगा काढून माझ्या ओच्यात टाकायचा. अक्का त्याची टर उडवायची आणि तो मान खाली घालून इतका हसायचा की खांदे हलायचे.

करमाडला गावकुसाबाहेरच्या वस्तीत ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि तीही नावाला. शमुवेलची आई साराबाई. बाप्तिस्मा तिचा कधीचाच झालेला, पण नवऱ्यामागंही देवीच्या नावाचा भंडारा तिच्या कपाळाला असायचाच. वस्तीतल्या बाकी बाया म्हणजे शमुवेलच्या चुलत्या, मावश्या, भावजया. त्यात आमची अक्का गेली कोऱ्या कपाळानं. आमच्यात बांगड्या चालायच्या, कुंकू चालायचं नाही. हा न्याय कुठला ते दादांनाच ठाऊक. आवारात सगळ्याच बायका तशा, त्यामुळे कुणाच्या डोळ्यांवर येत नसे. पण त्या वस्तीत मोकळं कपाळ म्हणजे रांडमुंड. नवरा जिवंत असलेली बाई पांढरं कपाळ घेऊन पहाटे विहिरीवर येते म्हणजे काय?

बाया तिला बघून घागर तशीच उचलून माघारी वळायच्या. माहेरी निघालेली एखादी तिचं तोंड दिसलं म्हणून घरी परत जायची आणि जाताना अक्काला ऐकू जाईल असं थुंकायची. लग्नात तिला पोत्यांच्या मागं बसवायचे. बारशाच्या घरी जाऊ द्यायचे नाहीत. साराबाई तर रोज म्हणायची, “माझ्या लेकाच्या जित्तेपणी रांडावा मिरवतीस व्हय?” अक्कानं शमुवेलला विचारलं. तो म्हणाला, “मला काय फरक पडतुय? तुला ज्यात सुख लागंल ते कर.” एवढं बोलून तो कामावर गेला. अक्का म्हणायची, त्या दिवशी त्यानं लाव किंवा लावू नको म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

शेवटी शमुवेलला ताप भरला तेव्हा साराबाईनं अक्काच्या कपाळावर मेणाचा गोल दाबला आणि वर कुंकू भरलं, आणि अक्कानं भरू दिलं. ताप उतरला. पुढं मध्येमध्ये तो यायचाच, पण पहिल्यांदा उतरला एवढं वस्तीला पुरे होतं. अक्का रोज कुंकू लावू लागली, आणि आमच्याकडे येताना स्टेशनाबाहेरच्या नळावर पदर भिजवून पुसू लागली.

कुंकू पुसलं तरी मेण राहतं, हे तिला कळायला हवं होतं. पण आम्हाला मेणाची माहिती कुठून असणार, आमच्या आवारात कुणी लावलेलं नव्हतं. लाल रंग गेला की झालं, असं ती समजली. त्या दिवशी ती उन्हातून पायी आली. रस्त्याची सगळी धूळ कपाळावरच्या मेणाला चिकटली, आणि आमच्या दारात माझी बहीण उभी राहिली ती कपाळावर धुळीचा गोल घेऊन. आईनं बघितलं आणि तिचा हात धरून ती तिला चुलीकडे ओढू लागली, खोबरेल तेल लावून काढायला. पण दादा ओट्यावरच बसले होते.

“हे काय?” दादांनी विचारलं.

घाम, चूल, नायटा, काहीही सांगता आलं असतं. आई तिला मागून चिमटे काढत होती.

“मेण हाय, दादा,” अक्का म्हणाली.

दादा उठून आत गेले आणि गीतांचं पुस्तक घेऊन बसले. आई त्यांच्या मागं गेली. “सासू जाच करती तिला. बाया पाणी भरू देत नाय. देव मन बघतो म्हणं,” असं ती दबक्या आवाजात म्हणाली.

“कपाळ बी बघतो,” दादा म्हणाले.

आमच्या मंडळीची रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं. भाकरीचे तुकडे ताटलीत घेऊन पंच बाकांमधून फिरायचे. त्याआधीच्या शुक्रवारी तयारीची सभा. तीत पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, विचारायचे, कुणाचं कुणाविरुद्ध काही आहे का? कुणी कुणाचं नाव घेतलं आणि ते खरं निघालं, तर त्या माणसानं मंडळीपुढं उभं राहून चूक कबूल करायची. तोवर त्याला भाकर नाही. त्यानं शेवटच्या बाकावर बसायचं आणि ताटली त्याच्यासमोरून पुढं जायची. बहुतेक वेळा भांडणं, दारू, जत्रेतलं मटण, असलंच काही निघायचं. त्या शुक्रवारी दादा उठले आणि त्यांनी स्वतःच्या मुलीचं नाव घेतलं.

शमीमखालांना हे कसं कळलं कोण जाणे. त्या दुसऱ्या दिवशी डोक्यावर ओढणी घेऊन आमच्या दारात आल्या. “मास्टरसाब, बच्ची है. घर के लिये करी. इत्ती सख्ती नक्को करो,” म्हणाल्या. दादांनी त्यांना अदबीनं बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि शाळेला निघून गेले.

रविवारी ताटली दादांच्याच हातात होती. ते एकेका बाकापाशी थांबत पुढं सरकत होते. मी आणि अक्का शेवटच्या बाकावर होतो, तिला एकटं बसू द्यायला मी तयार नव्हते. दादांनी ताटली माझ्यापुढं धरली. मी तुकडा घेतला. मग त्यांनी ती वर उचलली, अक्काच्या वाकलेल्या डोक्यावरून नेली आणि पलीकडच्या म्हातारीपुढं धरली. त्यांचा हात जरासुद्धा हलला नाही. मी तो तुकडा गिळला, पण दादांचा मला त्या क्षणी इतका राग आला की प्रभूचं शरीर वगैरे काही आठवलं नाही.

अक्का उभी राहिना. “मी पाप केलंय असं मला वाटत नाय, मंग खोटं कसं बोलू?” म्हणायची. पण दर महिन्याला ती करमाडहून यायची, शेवटच्या बाकावर बसायची, ताटली डोक्यावरून जाऊ द्यायची आणि परत जायची. शमुवेल तिला सोडायला यायचा आणि बाहेर कडुलिंबाखाली उभा राहायचा. ती नाही तर मीही नाही, असं त्याचं. मला हे कोडं होतं. इतका अपमान होतो तर यायचं कशाला? आज माझी नातवंडं विचारतात तेव्हा मला ते समजावता येत नाही. आता आमच्या पुंडलिकनगरच्या घरातून सून टिकली लावून उपासनेला जाते, कुणी काही विचारत नाही, मीही विचारत नाही. मला त्यात काही वावगं दिसतही नाही. पण अक्काच्या कपाळाची गोष्ट टिकलीची नव्हतीच.

अशा एका रविवारी पाळकसाहेबांनी आशीर्वाद देण्याआधी ती अचानक उभी राहिली. दादांनी तिला आधीच शब्द शिकवून ठेवले होते, ‘मी मूर्तिपूजकांच्या चालीला भुलले’ वगैरे. ते तिनं म्हटले नाहीत. “मी बायांना भ्याले,” ती म्हणाली. “नवरा मरंल म्हणून भ्याले. देवाला इतकी कधी भ्याले नव्हते.” पाळकसाहेबांनी विचारलं, पुन्हा लावशील का? ती नाही म्हणाली. पुढच्या महिन्यात तिला भाकर मिळाली.

बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, दादांपुढं नमलीस का म्हणून. तिनं मला उडवून लावलं. “दादांचा काय संबंध? कुंकू लावून गेले ना विहिरीवर, तर त्याच बाया लई गोड बोलायला लागल्या. माझी घागर उचलू लागल्या. तवा मला खरं भ्या वाटलं. एवढ्यासाठी मला माणसात घेतलं व्हतं, आन मी बी खूश झाले व्हते.” ती हे हसत हसत बोलली. मला तेव्हा नीट उमगलं नाही.

त्यानंतर वस्तीनं तिची जी दैना केली ती मी सगळी लिहिणार नाही. आधी कधीच न लावणारी एक गोष्ट, पण लावून पुसणारी म्हणजे घात करायला बसलेली. तिच्या घागरीत शेण टाकलं. साराबाईनं तिच्या हातचं खाणं सोडलं. एकदा विहिरीवरच्या बायांनी तिला धरून तोंडाला चुलीतली राख फासली आणि म्हणाल्या, हे घे, हे शोभतं तुला. तिनं तिथंच तोंड धुतलं, पाणी भरलं आणि घरी गेली. एवढं सगळं तिनं आम्हाला नंतर सांगितलं, आणि तेही राख फासणारीच्या हाताला कसा कांद्याचा वास येत होता हे सांगण्यासाठी. स्वतः ती संध्याकाळी चूल पेटवण्याआधी डोळे मिटून बसायची. उपदेशात झोपणारी अक्का आता कुणी न सांगता प्रार्थना करायची. काय मागायची, विचारलं तर म्हणायची, “काय नाय मागत. तिथं बसलं की बाया लहान दिसायला लागत्यात.”

आणि मग शमुवेल वारला. तोच ताप, या वेळी उतरला नाही.

गँगमधला एकजण सकाळी निरोप घेऊन आला. पाळकसाहेब बाहेरगावी होते. दादा, आई आणि मी मिळेल त्या गाडीनं करमाडला पोहोचलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. अंगणात बाजेवर शमुवेल होता, पांढऱ्या चादरीखाली, पाय बाजेबाहेर आलेले. अक्का उशाशी बसली होती. भोवती बाया होत्या आणि साराबाईच्या मांडीत कुंकवाचा करंडा आणि मेणाची डबी होती. मला वाटलं, म्हातारीला भान राहिलं नाही. पण तिला चांगलं भान होतं.

आमच्या लोकांत जुनी रीत अशी, की नवरा गेला की बायकोला शेवटचं मळवट भरून कुंकू लावायचं आणि मग सगळ्यांसमोर ते पुसायचं, बांगड्या फोडायच्या. अक्काच्या कपाळावर पुसायला काहीच नव्हतं. बायांना हे सहन होत नव्हतं. “कोऱ्या कपाळाचं काय पुसावं?” शमुवेलची चुलती म्हणाली. “आदी भरून लावा. मंग पुसू.”

म्हणजे विधवा करण्यासाठी तिला आधी सवाष्ण करायची होती.

शमुवेलचा थोरला चुलता दादांसमोर येऊन उभा राहिला. “रीत झाली तर उचलू,” तो म्हणाला. “नायतर तुमचं तुमी बगा, इवाई. भावकीचा खांदा नाय मिळायचा.” वस्तीतल्या दोन ख्रिस्ती गड्यांनी सकाळीच ओढ्यापलीकडं खड्डा खणून ठेवला होता. चुलत्याचं बोलणं ऐकून तेही उठले आणि आपापल्या दारात जाऊन उभे राहिले. साराबाई अक्काला म्हणाली, “तुझ्या ह्या कपाळानं खाल्लं माझं लेकरू.”

मी दादांकडे बघत होते. आता ते उर्दूत गरजतील, सगळ्यांना पळता भुई थोडी होईल, असं मला वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच मला त्यांचा तो राग हवा होता. दादांनी बाजेकडं बघितलं. माश्या जमायला लागल्या होत्या. त्यांनी उन्हाकडं बघितलं, चुलत्याच्या मागं उभ्या असलेल्या माणसांकडं बघितलं. मग ते अक्काजवळ जाऊन वाकले. मी शेजारीच होते म्हणून मला ऐकू आलं.

“मार्था,” ते म्हणाले, “एकदा वाकव मान. मातीचा सवाल हाय. देव मन बघतो. पाळकसाहेबांना मी समजावतो.”

अक्कानं वर बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, असलं तर ते आधीच संपलं होतं.

“कपाळ बी बघतो, दादा,” ती म्हणाली. “तुमीच म्हणलं व्हतं.”

ती मोठ्यानं बोलली. अंगणातल्या सगळ्यांना ऐकू गेलं. दादा तसेच वाकलेले राहिले. तेवढ्यात दोघीजणींनी अक्काचे दंड धरले आणि साराबाई मेणाचं बोट घेऊन पुढं झाली. अक्कानं मान मागं टाकली. मेण तिच्या भुवईला लागलं, कुंकू खांद्यावर आणि बाजेच्या कडेला सांडलं. तिनं हात सोडवून घेतले. “आत्याबाई,” ती म्हणाली, “लावत व्हते तवा बी त्याला ताप येत व्हता. तुमच्या लेकानं मला कधी लाव म्हणलं नाय. तो गेल्यावर त्याच्या नावानं लावू नगा.” मग भुवईवरचं मेण तिनं स्वतःच्या पदरानं पुसलं. बांगड्या एकेक करून काढल्या, एकही न फोडता, आणि माझ्या हातात चढवल्या. आई मागून म्हणाली, “अगं तिला नको घालू, कुवार पोर हाय ती.” जग आमच्या आईमध्येही होतंच, फक्त ते बाहेर पडायला असा प्रसंग लागला. त्या बांगड्या मी भांडी घासता घासता फुटेपर्यंत वापरल्या.

मग अक्का बाजेच्या डोक्याकडच्या पायाला धरून उभी राहिली. “दादा, तुमी तिकडून धरा,” म्हणाली. खालचे दोन पाय मी आणि आईनं धरले. आई ठेंगणी, त्यामुळे बाज तिच्याकडं कलायची आणि शमुवेलचे पाय तिच्या छातीला लागायचे. वस्तीतून कुणी पुढं आलं नाही. पोरं हसली. एका बाईनं आमच्या वाटेवर पाण्याची घागर पालथी केली, आम्ही घसरून पडावं म्हणून. ओढ्यात दादांचा पाय लटपटला आणि अक्का त्यांना म्हणाली, “टाकू नगा त्याला.” दुसरं काही ती वाटेत बोलली नाही. खड्ड्यापाशी दादा प्रार्थना करू लागले आणि मध्येच त्यांना पुढचं सुचेना. जन्मभर लांबलचक प्रार्थना करणारा माणूस तोंड उघडून उभा राहिला. ती प्रार्थना अक्कानं पुरी केली. माती आम्हीच लोटली.

ती आमच्यासोबत औरंगाबादला आली. आठवडाभर ती जेवली, झोपली, आईला कामात मदत करत राहिली आणि दादांशी एक शब्द बोलली नाही. शुक्रवारी तयारीची सभा होती. पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणं विचारलं, कुणाचं कुणाविरुद्ध काही आहे का? सगळे खाली बघत बसले. नव्या विधवेच्या घरचं कोण काय काढणार? आणि अक्का उभी राहिली.

“माझं हाय,” ती म्हणाली. “माझ्या बापाविरुद्ध.”

तिनं सगळं सांगितलं, न वाढवता, न लपवता. पाळकसाहेब म्हणाले, मार्था, दुःखाच्या भरात माणसाकडून होतं. त्या वेळी परिस्थिती काय होती ते बघायला हवं. अक्का म्हणाली, “माझी बी परिस्थिती व्हतीच, साहेब. तवा कुणी बघितली नाय.” आईनं तोंडात पदर कोंबला. दादांनी नाकारलं नाही. खरं आहे, एवढंच म्हणाले.

त्या रविवारी ताटली दुसऱ्या पंचांच्या हातात होती आणि दादा शेवटच्या बाकावर होते. गीत सुरू झालं आणि त्यांची बोटं गुडघ्यावर ताल धरू लागली. त्यांनी हात मांडीखाली घेतला नाही. ताटली त्यांच्या डोक्यावरून गेली तेव्हा मी अक्काकडं बघितलं. मला वाटलं होतं, तिच्या चेहऱ्यावर काही तरी दिसेल, निदान समाधान तरी. ती आपला तुकडा चावत होती.

दादांनी अक्कासारखे महिने घालवले नाहीत. पुढच्याच पहिल्या रविवारी ते सगळ्यांपुढं उभे राहिले. “मी माणसांना भ्यालो,” म्हणाले. “लेकीला ज्यासाठी शिक्षा केली, तेच तिला करायला सांगितलं.” पांढरा सदरा, त्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, आणि आवाज इतका बारीक की मागच्यांना ऐकू गेला नसावा. पाळकसाहेबांना ते लवकर संपवायचं होतं. ते अक्काकडं वळले आणि म्हणाले, “मार्था, तुझं समाधान झालं?”

सगळी मंडळी तिच्याकडं बघत होती. हो म्हटलं असतं तर सगळे सुटले असते. दादा, आई, पाळकसाहेब, मीसुद्धा.

“माझं नाय झालं,” अक्का म्हणाली. “देवाचं झालं असंल तर द्या त्यांना भाकर.”

पाळकसाहेब ताटली घेऊन स्वतः दादांकडं गेले. दादांनी तुकडा उचलून तोंडात घातला आणि बसले. तो तुकडा चावायला त्यांना फार वेळ लागला.